फ्लॅश गेला, फोन आला आणि मावशीचा चंद्र अडकला

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, पेपर चाळून झालाय, घरातले अजून उठायचेत. म्हणजे लिहायला हरकत नाही. विषय थोडा धंद्यातला आहे, पण सांभाळून घ्या. अगदीच कंटाळा आला तर मध्ये मध्ये चंद्र आहे, तो बघा.

तर झालं असं, की २०२१ च्या जानेवारीत कऱ्हाडहून मावशीचा फोन आला. "अरे, तुझा चंद्र उगवत नाहीये."

मला दोन मिनिटं काही कळेना. मग एकदम ट्यूब पेटली आणि पाठोपाठ पोटात गोळा आला. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केला होता. नुसता बंद नाही, १२ जानेवारीपासून प्लेअरमध्येच असं कुलूप घातलेलं होतं की तो कुठलीही फाईल दाखवायलाच नकार देईल. मावशीच्या जुन्या डेस्कटॉपवर चंद्राच्या जागी एक करडा चौकोन आणि मधल्या गोलात इंग्रजी 'आय' एवढंच दिसत होतं. ही तारीख जुलै २०१७ मध्येच जाहीर झाली होती. साडेतीन वर्षं मला माहीत होतं. ऑफिसात त्यावर मी एक प्रेझेंटेशनसुद्धा दिलं होतं! पण मावशीचा चंद्र त्याच तारखेला मावळणार हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आता हा चंद्र काय प्रकार आहे ते सांगतो. मावशी शाळेत विज्ञान शिकवायची. आता निवृत्त आहे, पण घरी दहा-बारा मुलं येतात, पाचवी ते आठवीची. २००७ साली मी नोकरीला नवा होतो, फ्लॅश नुकताच शिकलो होतो, आणि दिसेल ती गोष्ट हलवून दाखवायची खाज होती. दिवाळीत मावशी म्हणाली, की चंद्रकलांचा धडा शिकवताना दर वर्षी घसा सुकतो आणि तरी मुलं शेवटी तेच लिहितात, 'पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्र लहान-मोठा दिसतो.' पुस्तकात आकृती असते, फळ्यावर आकृती असते, तरी सावली काही डोक्यातून जात नाही.

म्हणून मी एक चित्र केलं. उजवीकडून सूर्यप्रकाश, मध्ये पृथ्वी, तिच्याभोवती एक वर्तुळ आणि त्यावर चंद्र. माऊसने चंद्र धरायचा आणि फिरवायचा. बाजूच्या खिडकीत आपल्याला तो आकाशात कसा दिसेल ते दिसायचं, आणि खाली तिथीचं नाव. तिथीचं गणित इतकं सुंदर आहे की प्रोग्रॅमरला रडू यावं: सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी संपली. तीस तिथ्या, ३६० अंश. संपलं. पृथ्वीवर एक छोटासा माणूस उभा केला होता, तोही फिरवता यायचा, म्हणजे चंद्र कधी उगवतो ते बघता यायचं.

मावशीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी पहिल्यांदा सावली गेली. कारण मूल स्वतःच्या हाताने चंद्र द्वितीयेवर आणून ठेवायचं, कोर बघायचं, आणि मग चित्रात सावली शोधायचं. सावली पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला पडलेली असायची. चंद्राच्या आसपासही नाही. मग ते मूल गप्प व्हायचं. (मावशी म्हणते, वर्गातली ती शांतता तिला पगारापेक्षा जास्त आवडायची.)

त्या चंद्रात एक चूक होती. मराठीची. पौर्णिमेच्या जागी मी 'पोर्णिमा' लिहिलं होतं. आता म्हणाल, त्यात काय, बदलून टाकायचं. पण त्या काळी फ्लॅशमध्ये मराठी म्हणजे एक छळ होता. फॉन्ट एम्बेड करून बदलता मजकूर दाखवायला गेलं की जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसायची. देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी करणारं नवं टेक्स्ट इंजिन आलं ते प्लेअरच्या १० व्या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी आम्ही काय करायचो, तर दुसरीकडे शब्द टाइप करायचा, तो फोडून त्याच्या नुसत्या रेषा करायच्या, आणि ते चित्र म्हणून चिकटवायचं. प्रतिपदा ते चतुर्दशी १४, अधिक पौर्णिमा आणि अमावास्या, अशी १६ चित्रं मी एका रात्रीत बसून केली. त्यातलं पंधरावं चुकलं. नंतर माझी हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर मूळ .एफएलए फाईल गेली, आणि मावशीकडे उरली फक्त तयार .एसडब्ल्यूएफ. म्हणजे भाजलेली पोळी आहे, कणीक नाही. चौदा वर्षं मावशीने मुलांना सांगितलं, "चित्र बघा, पण शब्द त्यातला लिहू नका. माझ्या भाच्याचं शुद्धलेखन कच्चं आहे."

असो. मी फोनवर म्हटलं, "मावशी, नवीन करून देतो, एका वीकेंडचं काम आहे." तुम्ही आमच्या धंद्यातले असाल तर या वाक्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. चारेक वर्षं गेली.

या चार वर्षांत फ्लॅशबद्दल मी बरंच वाचलं, अर्थातच काम टाळण्यासाठी. त्यातली एक गोष्ट मला सारखी आठवते. फ्लॅशचा जन्म वेबसाठी झालाच नव्हता. जोनाथन गे नावाच्या माणसाने १९९३ च्या सुमारास पेनने चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, स्मार्टस्केच. पेनपॉइंट नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते चालणार होतं. काचेवर पेन टेकवायचं आणि कागदावर काढावं तसं काढायचं. पण पेनपॉइंटच बंद पडली, म्हणून ते सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर आलं. मग त्यात हालचाल आली, फ्यूचरस्प्लॅश असं नाव झालं, मॅक्रोमीडियाने ती कंपनी घेतली आणि नाव ठेवलं फ्लॅश. पुढे २००५ मध्ये मॅक्रोमीडियालाच अ‍ॅडोबीने घेतलं. म्हणजे बघा, काचेला हात लावून चित्र काढण्यासाठी जे जन्माला आलं, ते शेवटी काचेला हात लावायच्या यंत्रामुळेच मेलं. नशीब म्हणायचं नाहीतर काय.

ते कसं मेलं ही गोष्ट आपल्या पिढीला पाठ आहे, त्यामुळे पटकन. २००७ मध्ये आयफोन आला, त्यात फ्लॅश नव्हता. २९ एप्रिल २०१० ला स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून त्याची कारणं सांगितली: बंदिस्त आहे, बॅटरी खातो, सुरक्षित नाही, क्रॅश होतो, आणि बोटासाठी बनलेला नाही, माऊससाठी बनलेला आहे. त्याच वर्षी अ‍ॅडोबीने अँड्रॉइडवर फ्लॅश आणून दाखवला, आणि तो बघून जॉब्जच्या विरोधकांनाही जॉब्ज पटला. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाइलचा नाद सोडला.

तेव्हा मी फ्लॅशच्या बाजूने तावातावाने भांडायचो. आज प्रामाणिकपणे सांगतो, जॉब्जचं तांत्रिक म्हणणं जवळपास सगळं बरोबर होतं. (स्वतःचं अ‍ॅप स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाने दुसऱ्याला बंदिस्त म्हणावं ही गंमत वेगळी.) आणि आम्हीही काही साधुसंत नव्हतो. हॉटेलचा पत्ता हवा असलेल्या माणसाला आधी शून्य ते शंभर टक्के लोडिंग, मग गिटार, मग उडणारी पानं, मग कोपऱ्यात बारीक अक्षरात 'स्किप इंट्रो', हे पाप आम्हीच केलं. पण मोबाइलवर ग्राफिक्स म्हणजे आयफोनपासून सुरुवात, हे मात्र खरं नाही. एसव्हीजी हे २००१ मध्येच प्रमाण म्हणून मान्य झालं होतं आणि २००३ मध्ये त्याची खास लहान फोनसाठी 'टायनी' आवृत्तीही आली होती. फ्लॅश लाइट होता, नोकियाच्या फोनवर चालायचा. माझ्याही नोकियावर एक लायटरची ज्योत हलायची, ती मी लोकांना उगाच दाखवायचो.

पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच. त्या दिवशी दोन गोष्टी मेल्या आणि आम्ही एकाच गोष्टीचं श्राद्ध घातलं. प्लेअर मेला, ते बरंच झालं. पण त्याबरोबर एक हत्यारही गेलं.

फ्लॅशमध्ये काय होतं आठवा. डाव्या बाजूला ब्रश, पेन्सिल, रंगाचा डबा. वर टाइमलाइन. गोल काढा, त्याला सिंबॉल करा, पंचविसाव्या फ्रेमवर दुसरीकडे ठेवा, मधलं तो स्वतः भरेल. आणि मग त्या गोलावर राइट क्लिक करून दोन ओळी कोड. चित्र आणि कोड एकाच टेबलावर होते. त्यामुळे चित्रकलेचे शिक्षक थोडा कोड शिकले आणि माझ्यासारखे कोडवाले थोडं चित्र काढायला शिकले. मी ज्यांच्याकडून फ्लॅश शिकलो ते सर कमर्शियल आर्टचे होते. 'व्हेरिएबल' म्हणजे काय हे ते 'रिकामा डबा, वर चिठ्ठी' असं सांगायचे, आणि त्यांनी केलेला पाण्याचा थेंब मला आजही कोडमध्ये तसा करता येत नाही.

आज आपल्याकडे काय आहे? कॅनव्हास आहे (जो अ‍ॅपलनेच २००४ मध्ये मॅकच्या डॅशबोर्डसाठी काढला). एसव्हीजी आहे, सगळ्या ब्राउझरांत. वेबजीएल २०११ पासून आहे. नळ उत्तम आहेत, पाणी चोवीस तास आहे, फक्त नळ फिरवायला प्लंबिंगचा डिप्लोमा लागतो. एखाद्या सरांना आज एक गोल हलवायचा असेल तर आपण सांगतो, आधी नोड टाका, मग पॅकेजं टाका, मग बंडलर. सर कशाला येतील? फ्लॅश बनवायचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये 'अ‍ॅनिमेट' हे नाव घेऊन कॅनव्हासकडे वळलं हे खरं, पण दर महिन्याचं भाडं भरून ते वापरणारी शाळा मला अजून भेटायची आहे.

सगळं अंधारं नाही, हेही सांगायला हवं. जिओजेब्रा आहे, गणिताचे शिक्षक त्यात स्वतः आकृत्या करतात आणि त्या फोनवर चालतात. स्क्रॅच आहे. त्याची दुसरी आवृत्ती चक्क फ्लॅशमध्ये होती, २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी ती पूर्ण बदलली. कोलोरॅडो विद्यापीठातला फेट हा प्रकल्प तुम्हाला माहीत असेल, नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. विजेची मंडलं, लंबक, प्रकाश असं सगळं हाताने करून बघायचं. त्यांची सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशमध्ये होती. ती एकेक करून नव्याने लिहिण्याचं चिकाटीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, आणि त्यांत मराठीही आहे. पण हे सगळे संस्थांचे प्रकल्प आहेत. 'मावशीसाठी एका रात्रीत केलेला चंद्र' हा जो प्रकार होता, तो आटला.

आणि दुसरी गोष्ट. ही जास्त टोचते. फोन आल्यावर आपण वाचकाच्या हातातून चित्र काढून घेतलं आणि नाव फोनचं घेतलं.

२०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातल्या आर्ची त्से यांनी एका व्याख्यानात सांगितलं होतं, की आम्ही आता इंटरॅक्टिव्ह ग्राफिक्स कमी करतोय. कारण वाचकाला फक्त स्क्रोल करायचं असतं. त्यापलीकडे त्याला क्लिकबिक करायला लावणार असाल तर तसंच काहीतरी जबरदस्त घडलं पाहिजे. त्यांचं बरोबरच होतं, बातमीसाठी. निवडणुकीचा निकाल बघणाऱ्याला सतरा बटणं कशाला? पण आमच्या धंद्याने त्या वाक्याचा सुविचार करून टाकला. मीटिंगमध्ये इंटरॅक्टिव्ह शब्द काढला की कोणीतरी म्हणतंच, "मोबाइलवर लोक काही करत नाहीत हो." माझ्याच एका जुन्या प्रोजेक्टमध्ये शेतकऱ्यांना पाण्याचा हिशोब करून बघता येईल असं एक चित्र होतं: पीक बदला, पाळ्या बदला, विहीर किती दिवस पुरेल बघा. शेवटच्या आठवड्यात ते काढून तिथे दीड मिनिटाचा व्हिडिओ घातला. कारण तेच, मोबाइलवर लोक काही करत नाहीत. मीही मान डोलावली होती. तेव्हा बोललो नाही याची अजून लाज वाटते.

लोक मोबाइलवर काही करत नाहीत? अहो, लोक मोबाइलवर आंबे कापायचे, कँड्या फोडायचे, पंधरा बोटं असल्यासारखी गाडी चालवायचे, ते काय होतं? माणसाला काचेला हात लावायला आवडतं. आपण त्याच्यासमोर हात लावण्यासारखं काही ठेवत नाही.

व्हिडिओ वाईट नाही. चंद्रकलांचे यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत, त्यातले काही माझ्या चित्रापेक्षा लाखपटीने देखणे आहेत. मावशीने दाखवलेही मुलांना. मुलांनी छान बघितले, आणि वहीत लिहिलं, 'पृथ्वीची सावली पडल्यामुळे...' कारण व्हिडिओतला चंद्र बनवणाऱ्याला हवा तिथे जातो. मुलाला जिथे शंका आहे तिथे तो थांबत नाही. पॉज करता येतं म्हणाल, पण पॉज म्हणजे थांबलेलं उत्तर, आपला प्रश्न त्यात घालता येत नाही. हान्स रोसलिंग यांचं २००६ चं ते गाजलेलं भाषण आठवतंय? देशांचे फुगे आयुर्मान आणि मुलांची संख्या यांच्या आलेखावर सरकतात ते? ते बघताना मजा आलीच, पण मी पक्का अडकलो तो नंतर घरी स्वतः भारताचा फुगा निवडून वर्षांची पट्टी मागेपुढे केली तेव्हा. (तेही फ्लॅशच होतं, बरं का.)

आता चंद्राकडे परत. मागच्या दिवाळीत कऱ्हाडला गेलो आणि मावशीने काहीही न बोलता लाडूची ताटली पुढे ठेवली. हे फारच वाईट लक्षण. त्याच रात्री बसलो.

सोपा मार्ग होता. रफल नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे, जुन्या फ्लॅश फाईली आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच जोरावर जुनी ॲनिमेशनं आणि खेळ जपून ठेवलेत. मी माझी जुनी .एसडब्ल्यूएफ त्यात घातली आणि काय सांगू, चंद्र उगवला! फोनवरसुद्धा. 'पोर्णिमा'सकट. दोन मिनिटं भरून आलं. मग लक्षात आलं, की तिथीची माहिती माऊस वर नेल्यावर दिसायची आणि बोटाला 'वर नेणं' हा प्रकारच नसतो. अक्षरं मुंगीएवढी. आणि चंद्र बोटाखाली पूर्ण झाकला जातोय. जॉब्ज वरून हसला असेल.

म्हणून नव्याने. आणि इथे माझ्यातला सिनियर इंजिनियर जागा झाला. थ्री.जेएस घेतलं, चंद्राचा खरा फोटो गोलावर चढवला, खड्डेबिड्डे, तारे. माझ्या फोनवर स्वप्नासारखं दिसत होतं. सकाळी मावशीकडच्या सातवीतल्या एका मुलाला दाखवलं. त्याच्या हातात वडिलांचा फोन, काचेला तडा, जागा शिल्लक नाही. तीन एमबी उतरेपर्यंत त्याने दोन लाडू संपवले. मग चंद्र धक्के खात खात सरकला, फोन तापला, आणि मुलगा अतिशय आदराने म्हणाला, "काका, हँग झालं." बरं, काळं आकाश आणि वर अंगणातलं ऊन. काचेत त्याला चंद्राऐवजी स्वतःचाच चेहरा दिसत होता.

फेकून दिलं. साधं एसव्हीजी घेतलं. चंद्राची कला काढायला खरं तर दोनच रेषा लागतात: एक अर्धवर्तुळ आणि एक अर्धी लंबवर्तुळाकार रेषा, जिची रुंदी कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी-जास्त होते. अकरावीचं गणित. अंधाराला काळ्याऐवजी गडद निळसर करडा, आणि चंद्र पिवळसर. खरा दिसत नाही, उन्हात मात्र दिसतो. तिथीचं नाव आता नुसता मजकूर आहे, वेलांटी-जोडाक्षराची काळजी फोनच घेतो. 'पौर्णिमा' टाइप केलं आणि दोनदा तपासलं. सगळं मिळून ११ केबी. २००७ चा चंद्र ४६ केबी होता.

पण खरी मजा पुढे होती. हे सगळं ऑफिसात बसून कळलं नसतं.

पहिली गोष्ट, बोटाखाली चंद्र झाकला जातो. त्यावर उपाय असा निघाला की चंद्रच धरायची गरज नाही. बोट चित्रात कुठेही ठेवा, मध्यापासून त्याचा कोन मोजायचा आणि चंद्र त्या कोनावर न्यायचा. मुलं आपोआप वर्तुळाच्या बाहेरून बोट फिरवायला लागली. दुसरी, चंद्र खाली ओढला की पानच ताजं व्हायचं आणि चंद्र पुन्हा अमावास्येला. ते सीएसएसच्या एका ओळीने थांबलं. तिसरी मात्र मला आयुष्यात सुचली नसती. सूर्य उजवीकडे, म्हणजे पौर्णिमा डावीकडे, अगदी काचेच्या कडेशी. आणि नव्या अँड्रॉइडवर कडेवरून बोट आत ओढलं की फोन मागच्या पानावर जातो! म्हणजे पोरं मोठ्या हौसेने पौर्णिमेपर्यंत पोचायची, तिथून पुढे निघायची आणि थेट व्हॉट्सॲपवर पडायची. एक मुलगी म्हणाली, "पौर्णिमेला बाहेर फेकतंय." वर्तुळ लहान केलं, कडेला अंगठ्याएवढी जागा सोडली, मग थांबलं.

हे तीनही दोष बोट टेकवल्यावरच दिसतात. आणि ते निस्तरल्यावर जे हातात येतं ते माऊसपेक्षा कितीतरी सरस आहे. माऊसमध्ये हात टेबलावर आणि चंद्र पडद्यावर. इथे खरोखर बोटाने चंद्र फिरतो. सातवीतला तो मुलगा (दोन लाडूवाला) फिरवता फिरवता थांबला आणि म्हणाला, "संकष्टीला आईला नऊपर्यंत थांबावं लागतं ते यामुळे?" मी म्हटलं, करून बघ. त्याने चंद्र कृष्ण चतुर्थीवर ठेवला, २२२ अंश. पृथ्वीवरचा माणूस सूर्यास्तावर उभा केला. चंद्र अजून क्षितिजाखाली. मग माणसाला हळूहळू फिरवत नेलं, चंद्र क्षितिजावर आला तेव्हा माणूस ४२ अंश पुढे गेला होता. तासाला १५ अंश, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पावणेतीन तास. त्याने बोटांवर मोजलं. सव्वासहा अधिक पावणेतीन. "नऊ!" म्हणाला, आणि फोन घेऊन आईला दाखवायला पळाला. उपास तिचा, उत्तर त्याचं.

मावशीने सगळ्या तिथ्या चष्मा लावून एकेक करून तपासल्या. एकही चूक नाही म्हटल्यावर किंचित हिरमुसली असावी. मग म्हणाली, "बरं झालंय. पण मघाशी त्या मुलीने विचारलं, दर पौर्णिमेला पृथ्वी मध्येच असते, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही होत?"

आली का पंचाईत! चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असते, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. पण माझं चित्र वरून बघितलेलं, चपटं. त्यात वर-खाली हा प्रकारच नाही. म्हणजे इतकी वर्षं जी सावली मुलांच्या डोक्यातून काढायची होती, ती आता योग्य जागी परत आणायची आहे, आणि तीही बाजूने बघून, तडा गेलेल्या फोनवर, थोडक्या केबीत. बाजूचं दुसरं चित्र करावं, की तेच चित्र दोन बोटांनी कलवता यावं? दोन बोटं म्हटलं की झूम मध्ये कडमडतो. मावशीला मी काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एका वीकेंडचं काम आहे.

तो वीकेंड हाच. घरातले उठलेत, चहा पुन्हा टाकलाय. थ्री.जेएसची ती फाईल मी अजून डिलीट केलेली नाही, पण आज ती उघडायची नाही असं ठरवलंय.